ओढणारा किनारा

अजितनं जेवताना तो रंगीत कागद आईच्या ताटाशेजारी सरकवला. बकुळाबाईंनी आधी त्यावर आमटीची वाटी ठेवली. मग चित्रातली नारळाची झाडं दिसली तशी वाटी उचलली आणि चष्मा लावून वाचायला लागल्या.

'घाना : आफ्रिकेचं कोकण. खास मराठी मंडळींसाठी.' खाली किल्ले, जंगल, तळ्यावरचं गाव. त्याच्याही खाली, दिवस सहावा : 'स्वच्छ, शांत किनाऱ्यावर मनसोक्त समुद्रस्नान.' पुढे त्या किनाऱ्यावरच्या गावाचं नाव.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी," अजित म्हणाला.

"हे गाव तुला कोणी सांगितलं?"

"नकाशात आहे. तुम्ही सांगितलं नाही, एवढं खरं."

बकुळाबाईंनी कागद फाडला. तुकडे उष्ट्या ताटात टाकले आणि सुनेला म्हणाल्या, "प्रिती, भात वाढ."

प्रितीनं भात वाढला. नायगावच्या त्या घरात जेवणं अशीच व्हायची.

त्या गावाच्या समुद्रात बकुळाबाईंचा नवरा बुडाला होता.

रामदास गमरे परळच्या एका कापड गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली तेव्हा ओळखीतल्या एकानं त्याला घानात पाठवलं, ताकोराडी नावाच्या बंदरात, पिठाच्या गिरणीत. तिथे हिवतापानं तो इतका खंगला की बकुळा त्याला सांभाळायला गेली. वर्षभरात परत येते, असं सासूला सांगून गेली. सात वर्षांचा अजित नायगावात आजीकडे राहिला.

एका रविवारी गिरणीतली हिंदुस्थानी माणसं, बरोबर बकुळाही, ट्रक करून पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर सहलीला गेली. पिवळी वाळू, वाकलेले माड, थेट मंडणगडच्या बाजूला आल्यासारखं वाटलं सगळ्यांना. किनाऱ्यावर तिथले कोळी जाळं ओढत होते, आपल्याकडे रापण ओढतात तसंच, दोन रांगा करून. रामदास पाण्यात उतरला तसे ते ओरडायला लागले. एक म्हातारा तर दोर सोडून हात हलवत धावत आला. त्यांची भाषा फांटी. ह्या लोकांना तिथला एकच शब्द येत होता, 'अक्वाबा', म्हणजे या, बसा, स्वागत आहे. कोणीतरी हसून म्हाताऱ्याला तोच शब्द म्हणालं. रामदास चांगला पोहणारा होता. कमरेएवढ्या पाण्यातून त्याला कोणीतरी खालून ओढावं तसा तो गेला, आणि परत दिसला नाही. त्याचं प्रेतही लागलं नाही.

गिरणीनं बकुळाला परतीचं तिकीट दिलं. ती गेली नाही. गिरणीच्या खानावळीत स्वयंपाकाला राहिली. पुढच्या रविवारी त्याच किनाऱ्यावर जाऊन तिनं त्या म्हाताऱ्याला शोधलं आणि खुणा करून विचारलं, त्या दिवशी तू काय म्हणत होतास? त्यानं ते वाक्य चार-पाचदा म्हटलं. गिरणीतल्या एका कारकुनानं तिला अर्थ सांगितला : 'पाणी ओढतंय, मागे ये.' फांटीतलं हे वाक्य ती सगळ्यात आधी शिकली. मग बाकीची भाषा शिकली.

नऊ वर्षं राहिली. सासूला अर्धांगाचा झटका आला तेव्हा परतली. विमानतळावर सोळा वर्षांचा एक मुलगा उभा होता. तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "तुम्ही बकुळा गमरे का?"

तेव्हापासून अजित आईला अहो-जाहोच करत आला होता. शेजारीपाजारी सगळी मुलं आईला तू म्हणतात; हा एकटा तुम्ही. पाहुण्यांना वाटायचं, काय संस्कार आहेत! बकुळाबाईंना माहीत होतं तो संस्कार कसला आहे ते.

परत आल्यावर त्या एका इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. बोलणं फटकळ, त्यात कोणाची भीड नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या उठून उभ्या राहिल्या की सेक्रेटरी पाण्याचा ग्लास तोंडाला लावायचा.

अजित दादरच्या एका सहल कंपनीत टूर लीडर होता. दुबई, सिंगापूर, थायलंड, परत दुबई. कंपनीचे मालक चिंतामणी सामंत ह्यांना काहीतरी नवं हवं होतं. अजितनं घानाचा पश्चिम किनारा काढला. खरं तर त्यानं कामही चोख केलं होतं. एलमिना आणि केप कोस्टचे समुद्राकाठचे किल्ले, काकुमच्या जंगलातले झाडांच्या शेंड्यांवरून जाणारे दोरखंडाचे पूल, न्झुलेझो नावाचं तळ्याच्या पाण्यावर खांब रोवून उभं केलेलं गाव, अगदी दक्षिणेच्या टोकावरचं दीपगृह. एवढं सगळं एका किनाऱ्यावर, आणि दादरमध्ये दुसऱ्या कोणाकडे ही सहल नाही. सामंत खूश होते.

दुसऱ्या शनिवारी कंपनीनं दादरला एका छोट्या सभागृहात माहितीचा कार्यक्रम ठेवला. चहा, बटाटेवडा आणि पडद्यावर चित्रं. बकुळाबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. अजितनं पाहिलं. त्यानं पडद्यावर पुढचं चित्र लावलं आणि बोलत राहिला.

"गोव्यासारखा किनारा, पण गोव्याची गर्दी नाही," तो म्हणाला. "आपल्या कोकणासारखा समुद्र..."

"कोकणासारखा नाही," बकुळाबाई उभ्या राहिल्या.

माना मागे वळल्या.

"कोकणात पाणी दूरवर उथळ असतं, बऱ्याच ठिकाणी. तिथं जमीन एकदम खाली जाते. मोकळ्या महासागराची लाट येऊन फुटते आणि ते पाणी वाळूतनं वाट काढून परत जातं. त्या वाटेत जो उभा असतो त्याला घेऊन जातं. वरून काही दिसत नाही. उलट तिथंच पाणी शांत दिसतं. ह्यानं कागदावर शांत लिहिलंय ना, ते शांत पाणी!"

"मावशी, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत," सामंत गोड आवाजात म्हणाले.

"मी प्रश्न विचारत नाहीये. माझा नवरा तिथं मेलाय. ह्याचा बाप." त्यांनी बोटानं अजितकडे दाखवलं. "आणि हा तुम्हाला तिथं आंघोळीला नेतोय."

अजित पडद्याच्या उजेडात उभा होता. त्यानं माईक खाली ठेवला.

मग पुढच्या रांगेतून एक वयस्कर बाई बोलल्या. राधा पाध्ये, फणसवाडीच्या, शाळेत भूगोल शिकवायच्या. "अहो, मग तिकडे जाण्यासारखं काहीच नाही का?"

बकुळाबाई त्यांच्यावरही उखडल्या. "नाही कोण म्हणालं? मी पाण्यात उतरू नका म्हणाले, जाऊ नका म्हणाले का?" आणि रागातच त्या सांगायला लागल्या. एलमिनाच्या पुलावर सकाळी उभं राहिलं तर रंगवलेल्या होड्या एकामागून एक आत येताना कशा दिसतात. तळ्यावरच्या गावी जाताना होडी आधी गवतातून, मग झाडांच्या बोगद्यातून कशी जाते आणि पाणी चहासारखं काळं का असतं. डिसेंबरात वाळवंटातली धूळ येऊन सूर्य कसा पांढरा होतो. किल्ल्याच्या तळघरात गुलामांना कोंडायचे आणि वर त्यांचे मालक प्रार्थना म्हणायचे, ते देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, आजही तसंच आहे. त्या अर्धा तास बोलल्या, आणि शेवटी "बसा आता वडे खात" म्हणून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी चौदा जणांनी नावं दिली.

दुसऱ्या दिवशी सामंत नायगावला आले. "मावशी, तुम्ही चला. लोक तुमच्यासाठी येतायत."

"मी येणार नाही."

"ह्या येणार असतील तर मी जाणार नाही," अजित म्हणाला. कित्येक वर्षांत मायलेकांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सामंत हसले. "ठीक आहे. मग मी दुसरा लीडर बघतो. सहल मात्र जाईल."

अजितनं दात आवळले आणि जातो म्हणाला. बकुळाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. हा तिथं जाणार. त्या वाळूवर उभा राहणार. आणि त्या नसल्या तर नक्की पाण्यात उतरणार, बापाचा पोरगाच तो. "कागदावरची ती आंघोळ खोडायची," त्या सामंतांना म्हणाल्या. "मग येते."

आंघोळ खोडली. तिथे 'किनाऱ्यावर संध्याकाळ' असं आलं. पिवळ्या तापाची लस टोचून घेऊन डिसेंबरात मंडळी निघाली.

सहल सुरू झाल्यापासून भांडणं होती. बकुळाबाईंनी कोणाला गोड बोलून काही सांगितलं नाही. एलमिनाच्या बंदरात मंडळी मासेवाल्या बायकांच्या तोंडासमोर मोबाइल धरायला लागली. एक बाई संतापून ओरडली. बकुळाबाई तिच्या बाजूनं आपल्याच माणसांवर ओरडल्या, "तुमच्या घरात शिरून कोणी असे फोटो काढले तर चालतील का?" वरळी कोळीवाड्यातल्या दर्शना तांडेल ह्यांनी मात्र तिथे मोबाइल पर्समधून काढलाच नव्हता. त्या बकुळाबाईंना घेऊन त्याच मासेवालीशी भाव करायला बसल्या, आणि तेवढा एक तास काय तो सुखाचा गेला.

किल्ल्याच्या तळघरात बकुळाबाई गेल्या नाहीत. पूर्वी एकदा गेल्या होत्या, तेवढं पुरे होतं. राधाताई बाहेर आल्या त्या डोळे पुसत. "इतकी वर्षं मी मुलांना हा किनारा शिकवला हो. सोनं, हस्तिदंत, कोको. एवढंच."

"पाणी प्या," बकुळाबाई म्हणाल्या. "रडून काय होणार आहे?" पण बाटली त्यांनी स्वतःच उघडून दिली.

खरं वाकडं आलं ते हितेंद्र राजाध्यक्षांशी. प्रभादेवीला त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही काय, स्वयंपाकाला आलात का?" बकुळाबाई म्हणाल्या, "नाही. तुम्हाला जिवंत परत न्यायला आलेय." तेव्हापासून राजाध्यक्ष रोज रात्री अजितच्या खोलीवर तक्रार घेऊन यायचे. ही बाई अंगावर येते. ही बाई लायकी सोडून बोलते. आम्ही पर्यटक आहोत की कैदी? अजित ऐकून घ्यायचा. आईशी तो जेवढ्यास तेवढंच बोलत होता, तेही 'बस किती वाजता काढू, विचारा त्यांना' असं दुसऱ्यामार्फत.

सहाव्या दिवशी दुपारी बस त्या गावात पोचली.

किनारा सुंदर होता. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. मागे हिरवी टेकडी, मध्ये खाडीचं लहानसं तोंड, वाळूवर निळ्या-लाल होड्या. दोन नवी लॉजेस उभी राहिली होती. तरणी पोरं नारळ विकत होती. बकुळाबाई बसमधून उतरल्या आणि वाळू सुरू होते तिथेच थांबल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घोट्याच्या पुढे पाणी नाही. कोणीच."

राजाध्यक्ष चड्डीवर आले. खांद्यावर टॉवेल.

"राजाध्यक्ष, ऐकू नाही आलं का?"

"मी रोज दादरच्या तरणतलावात अर्धा तास पोहतो," ते म्हणाले. "बाजूला व्हा."

बकुळाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साठी उलटलेली, ठेंगणी बाई, पायात कापडी बूट, साडी वर खोचलेली. "तलावाला भिंत असते. इथं पुढची भिंत ब्राझीलला आहे."

"अजित! तुमच्या आईला आवरा. नाहीतर मी हात धरून बाजूला करीन."

"लावा हात," बकुळाबाई म्हणाल्या.

राजाध्यक्षांनी खरंच त्यांना खांद्यानं ढकललं. त्या वाळूत धपकन पडल्या. पडल्या पडल्याच त्यांनी जाळ्याच्या दोराला लागलेल्या कोळ्यांकडे तोंड करून फांटीत एक आरोळी ठोकली. चार-पाच बाप्ये दोर सोडून आले. त्यांनी राजाध्यक्षांना हात लावला नाही. फक्त त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहिले. एक जण पाण्याकडे बोट दाखवून काहीतरी शांतपणे सांगत राहिला. राजाध्यक्ष इंग्रजीत ओरडले, हिंदीत ओरडले. शेवटी टॉवेल फेकून बसमध्ये जाऊन बसले. "एकेकाला बघून घेतो," म्हणाले. "मुंबईला पोचू दे."

आता अजित आईच्या अंगावर आला. मंडळी ऐकत होती, त्याची त्याला पर्वा उरली नव्हती.

"संपवलंत ना? माझी नोकरी, सगळं? त्या माणसाच्या ओळखीनं आम्हाला वर्षाला चार ग्रुप मिळतात!"

"बुडाला असता तर?"

"मग बुडाला असता! तू सगळ्यांना वाचवत फिर. मला सोडून सगळ्यांना! नऊ वर्षं तू ह्या वाळूवर बसलीस. ह्या! मी तिकडे आजीच्या मांडीवर झोपत होतो आणि तू इथं..."

तो थांबला. आपण तू म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं नसावं. बकुळाबाईंच्या आलं.

"प्रेत मिळालं नव्हतं," बकुळाबाई वाळूतूनच म्हणाल्या. आवाजात नरमाई नव्हती. "मी निघाले असते आणि दुसऱ्या दिवशी लागलं असतं किनाऱ्याला, तर त्याला ओळखायला कोण होतं इथं? कुठंतरी बेवारस म्हणून पुरला असता."

"नऊ वर्षांनी कोणाचं प्रेत येतं?"

"नाही येत. माहीत होतं मला. पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"मग?"

"मग तुझ्यासमोर येऊन काय सांगायचं होतं? बाप कुठाय विचारलं असतंस. मी काय दाखवलं असतं तुला? मोकळे हात?"

"मला हात चालले असते," अजित म्हणाला.

बकुळाबाईंनी माफी मागितली नाही, आणि त्यानंही ती मागायला लावली नाही. मग त्यानं समुद्राकडे बघत विचारलं, "कुठे?" त्यांनी बोट दाखवलं. लाटा फुटत होत्या, आणि त्यांच्या मधे एक पट्टा तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता. अजित त्या दिशेनं चालत गेला. बकुळाबाई धडपडत उठल्या, मागे धावल्या आणि त्याचा शर्ट मागून मुठीत धरला. तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकत होती, ते दोघांनाही जाणवत होतं.

"सोड, आई. पुढे जात नाही मी."

त्यांनी सोडला नाही. तो परत वळेपर्यंत धरून ठेवला. शिवण उसवली.

राधाताईंनी मध्येच बाकीच्यांना नारळपाण्याकडे नेलं होतं. भूगोलाच्या बाईंनी तेवढा वर्ग छान सांभाळला.

मुंबईला आल्यावर राजाध्यक्षांनी शब्द खरा केला. कंपनीकडे लेखी तक्रार, मोबाइलवर सगळ्यांना वाचता येतील अशा शिव्या : 'अरेरावी करणारी वृद्ध बाई, सहलीचा विचका.' आणखी तिघांनी तसंच लिहिलं. सामंतांनी बकुळाबाईंना फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी तुम्ही विश्रांती घ्या. त्या म्हणाल्या, "विश्रांतीच घेणार होते, तुम्हीच दारात आला होतात," आणि फोन आपटला. राजाध्यक्षांच्या ओळखीचे ग्रुप गेले. अजितची बढती अडली. ह्यावरून घरात महिनाभर धुसफूस चालली. प्रिती वैतागून आठवडाभर माहेरी लालबागला जाऊन राहिली.

पण घानाची सहल बंद झाली नाही. राधाताईंनी गिरगावातल्या निवृत्त शिक्षकांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला सांगितलं. दुसरा ग्रुप भरला. दर्शना तांडेल कोळीवाड्यातल्या सहा बायकांना घेऊन परत निघाल्या. त्यांना तिथल्या होड्या आणि मासे सुकवायचे ओटे पुन्हा नीट बघायचे होते. अजित त्या किनाऱ्याचं आता सगळं बघतो. लॉज, बस, तळ्यावरचे नावाडी. फांटीतली दहा-बारा वाक्यं त्यानं आईकडून घेतली. घेताना उच्चारांवरून दोघांची जुंपायची, आणि प्रिती दार लावून घ्यायची.

बकुळाबाई स्वतः पुन्हा गेल्या नाहीत. पण सहल निघायच्या आधी प्रवाशांचे नंबर त्या अजितच्या मोबाइलमधून काढतात आणि एकेकाला फोन करतात. नाव सांगत नाहीत. पोहता येतं का विचारतात. येतं म्हटलं की झाडतात. गेल्या खेपेस दोघांनी घाबरून नावं काढून घेतली. अजित संध्याकाळी घरी आला तो तणतणतच.

"आई, तुझं डोकं फिरलंय का? लोक पोलिसात जातील!"

"जाऊ देत," बकुळाबाई म्हणाल्या. "आणि तो तिसरा, माहीमचा, तो फार मिजास करत होता. त्याच्यावर लक्ष ठेव."